कोठीघर उघडेना तेव्हा

मिक्सरचे पाते अडले, कुकरची शिटी होईना, शिवणयंत्राचा दोरा सारखा तुटू लागला, तर आपण कोणाची वाट पाहत बसत नाही. पाते सोडवून धुतो, शिटीचे भोक सुईने साफ करतो, बॉबीन काढून पुन्हा भरतो. त्या वस्तूंचे आत काय चालते ते आपल्याला ठाऊक असते म्हणून भीती वाटत नाही. संगणक मात्र घरात येऊन वर्षे लोटली तरी बहुतेक घरांत अजून पाहुण्यासारखाच आहे. तो जरा रुसला, की "ह्यांना येऊ दे, मग बघू," असे म्हणून आपण त्यावर रुमाल टाकतो. गेल्या वर्षी मला रुमाल टाकून चालणार नव्हते, म्हणून त्याच्या आत डोकवावे लागले. तिथे दिसले ते आपल्या कोठीघराहून फारसे वेगळे नव्हते. ज्यांच्या घरी असले काही आहे, किंवा मुलांनी करून ठेवले आहे, त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहिते.

मी मालेगावची सून, माहेर कोपरगावचे. सासूबाई बागलाणातल्या, सटाण्याकडच्या. त्यांची बोली अहिराणी. अंतर म्हणाल तर फार नाही, पण लग्नाच्या पहिल्या वर्षी मला घरातले निम्मे बोलणे कळत नसे. एकदा त्यांनी स्वयंपाकघरात येऊन विचारले, "आंडेर उनी का?" मी गोंधळून म्हटले, "आई, आपल्याकडे अंडी आणत नाहीत ना!" त्या ओट्याला टेकून किती वेळ हसत होत्या. आंडेर म्हणजे मुलगी. माझ्या नणंदबाई येणार होत्या, त्या आल्या का, एवढेच त्यांना विचारायचे होते. तेव्हापासून मी एका जुन्या वहीत शब्द लिहू लागले, ते केवळ फजिती टळावी म्हणून.

त्या वहीला पुढे दुसरे कारण मिळाले. मी इथल्या एका शाळेत तासिका तत्त्वावर पाचवी ते सातवीला मराठी शिकवते. एका मुलीने वर्गात धडा सांगताना 'सगळे' ऐवजी 'बठ्ठा' म्हटले आणि वर्ग खो खो हसला. हसणाऱ्यांतल्या निम्म्यांच्या घरी हाच शब्द रोज चालतो, हे मला माहीत होते. त्या मुलीने पुढे महिनाभर तोंड उघडले नाही. २०११ च्या जनगणनेत खानदेशी या शीर्षकाखाली अठरा लाखांहून अधिक माणसांची मातृभाषा नोंदली आहे, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा अहिराणीचा आहे. एवढ्या माणसांची बोली वर्गात मात्र हसण्यावारी जाते. डॉ. रमेश सूर्यवंशी यांनी अहिराणीचा शब्दकोश केला आहे, तो मोठ्या कष्टाचा आहे. मला कोश करायचा नव्हता. मला प्रत्येक शब्दापुढे घरात खरोखर बोललेले एक वाक्य हवे होते, म्हणजे मुलांना म्हणता येईल, "बघा, हे असे बोलतात, आणि हे बोलणे आहे, चूक नाही."

२०२० च्या टाळेबंदीत माझा पुतण्या, मोठ्या दिरांचा मुलगा, पुण्याहून आमच्याकडे येऊन अडकला होता. तो संगणकाचे शिकत होता. माझ्या वहीचा कागद विरत चालला हे पाहून तो म्हणाला, "काकू, तुला एक वेबसाइटच करून देतो." मी म्हटले, जगाला दाखवायला मला वेळही नाही आणि वर्षाला भाड्याचे पैसेही नाहीत. शिवाय सासूबाईंची अट होती, की त्या असेपर्यंत हे घराबाहेर जायचे नाही. त्यांनी सांगितलेल्या शिव्याही त्यात होत्या! तेव्हा त्याने ती आमच्या जुन्या लॅपटॉपवरच उभी केली. इंटरनेट नको, भाडे नको. पत्त्याच्या जागी 'लोकलहोस्ट' असे लिहायचे, की आपलीच वेबसाइट आपल्याच घरात उघडते. आपलाच संगणक दुकानदार आणि आपलाच संगणक गिऱ्हाईक.

ही रचना समजून घेतली की पुढचे सोपे जाते. असे समजा, की घरात तीन जण कामाला आहेत. दारात बसून 'कोण हवंय?' विचारणारा एक. त्याचे नाव अपाचे. आत ताट वाढणारा दुसरा. तो म्हणजे वर्डप्रेस, २००३ साली निघालेली, फुकट मिळणारी व्यवस्था. आणि तिसरी कोठीघराची राखणदारीण. सगळे धान्य, म्हणजे सगळा मजकूर, तिच्या ताब्यात. तिला मायएसक्यूएल म्हणतात. वाढणाऱ्याकडे स्वतःचे असे काहीच नसते. पान मागितले की तो कोठीकडे धावतो, तिथून आणून ताटात वाढतो. दारातला अपाचे आणि कोठीतली राखणदारीण ह्यांना एकत्र आणून बसवणाऱ्या गाठोड्याचे नाव झॅम्प. तेही फुकटच मिळते.

त्या राखणदारणीच्या नावाची गोष्ट आपल्या पानांवर सांगण्यासारखी आहे. १९९५ साली मायएसक्यूएल सुरू करणाऱ्यांपैकी मायकल विडेनियस नावाच्या फिनलंडच्या गृहस्थांनी त्यातले 'माय' हे नाव आपल्या मुलीवरून ठेवले. पुढे २००८ साली ती कंपनी दुसऱ्या कंपनीने घेतली, आणि नंतर ती दुसरीही तिसऱ्या, अधिक मोठ्या कंपनीत गेली. तेव्हा त्यांनी त्याच कामाची वेगळी चूल मांडली आणि तिला धाकट्या मुलीचे नाव दिले, मारियाडीबी. झॅम्पच्या खिडकीत अजूनही 'मायएसक्यूएल' लिहिलेले असते, पण २०१५ पासून आत काम करते ती धाकटी. अहिराणीत आईला 'माय' म्हणतात. हे सगळे सासूबाईंना सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "मग बरोबर आहे. कोठी मायच्याच हातात असणार."

सासूबाई फेब्रुवारी २०२५ मध्ये गेल्या.

एप्रिलचा तिसरा आठवडा होता. आखाजी तीस तारखेला. खानदेशात आखाजी म्हणजे माहेरवाशिणींचा सण. झोके, गौराई, सांजोऱ्या. त्याच दिवशी पितरांची घागरही भरतात. आमच्याकडे यंदा झोका नव्हता, सासूबाईंच्या पहिल्या वर्षाची घागर होती. नणंदबाई आणि सासूबाईंच्या दोघी बहिणी येणार होत्या. त्यांना सगळे शब्द वाचून दाखवायचे आणि चुकले असेल ते दुरुस्त करून घ्यायचे, असे मी ठरवले होते. सासूबाईंच्या वयाची, त्यांच्या गावची बोली बोलणारी आता ह्या दोघीच उरल्या आहेत.

मालेगावात दुपारभर मागांची खटखट चालू असते. बाहेरच्याला तो त्रास वाटतो. आम्हाला ती थांबली की कळते, लाईट गेली. त्या दुपारी ती एकदम थांबली. आमच्या लॅपटॉपची बॅटरी वर्षापूर्वीच बसली आहे, तो भिंतीतल्या विजेवरच चालतो. इन्व्हर्टर आहे, पण त्याची तार पंख्यांना आणि दिव्यांना. त्या कोपऱ्यातल्या बोर्डाला नाही. म्हणजे वीज गेली, की काम करता करता राखणदारणीच्या हातातला डबा खाली पडावा तसे होते. यापूर्वीही दोन-चारदा झाले होते आणि दर वेळी ती उठून पुन्हा कामाला लागली होती. या वेळी वीज आल्यावर पान उघडले तर पांढऱ्या पडद्यावर एकच ओळ इंग्रजीत, की डेटाबेसशी जोडणी करता येत नाही. बस. ना शब्द, ना वाक्य.

माझ्याकडे एकूण १,१४२ शब्द होते. दिवाळीत, २०२४ च्या, मी त्यांची एक प्रत काढून पेनड्राइव्हवर ठेवली होती. तीत ८६८ होते. म्हणजे २७४ शब्द केवळ त्या बंद कोठीत होते, आणि ते सगळे त्या हिवाळ्यातले. सासूबाई अंथरुणावर होत्या, त्यांना झोप लागत नसे, रात्री मी शेजारी बसून विचारत असे आणि तिथेच टंकत असे. वही तेव्हा सुटलीच होती.

सल्ल्यांना तोटा नव्हता. हे म्हणाले, "जुना झालाय तो, नवा घेऊ." नवा घेतला असता तरी आतले धान्य त्यात आपोआप थोडेच येणार होते? दुरुस्तीच्या दुकानातला मुलगा फोनवर म्हणाला, "फॉरमॅट मारतो, काकू, दोन तासांत देतो." फॉरमॅट म्हणजे घर धुऊन पुसून रिकामे करणे. आणि मोबाइलवर एक व्हिडिओ सापडला, त्यात एक उत्साही गृहस्थ सांगत होते, की 'आयबीडेटा१' नावाची फाइल काढून टाका, राखणदारीण लगेच सुरू होते. खाली पुष्कळांनी आभार मानले होते. अशा माणसांचा मला खरोखर राग येतो. ती सुरू होते हे खरे असेल, पण कशी? कोठीचा सगळा जमाखर्च ज्या वहीत आहे ती वहीच जाळली, तर राखणदारीण निर्धास्त होणारच. कोणते पोते कोणाचे हे तिला पुन्हा कधीच सांगता येणार नाही. पोती आहेत, पण तिच्या लेखी नाहीत.

पुण्याला पुतण्याला फोन लावला. तो आता नोकरीत आहे, दिवसा बोलायला वेळ नसतो, रात्री साडेनऊला म्हणाला, "काकू, आधी कशालाच हात लावू नकोस. झॅम्पमधला मायएसक्यूएलचा अख्खा फोल्डर जसाच्या तसा पेनड्राइव्हवर उतरवून घे. बिघडलेला आहे तसाच. मग बघू." हे मला फार पटले. उतू गेलेल्या दुधाचे पातेले घासायच्या आधी खाली उरले किती ते आपण बघतोच की. फक्त उतरवताना राखणदारीण थांबलेली असली पाहिजे. ती चालू असताना उतरवलेली प्रत अर्धवट निघते. आमची तर उठतच नव्हती, तेव्हा तो प्रश्न नव्हता.

मग शोध सुरू झाला. त्याने मला उत्तर सांगितले नाही, प्रश्न विचारले, हे त्याचे चांगले.

पहिला प्रश्न, ती इंग्रजी ओळ दिसते म्हणजे काय? मी विचार केला. ओळ लिहिली कोणी? वर्डप्रेसने. तो बोलतो आहे म्हणजे तो जागा आहे, आणि त्याचे बोलणे माझ्यापर्यंत पोहोचते म्हणजे दारातला अपाचेही जागा आहे. तो झोपलेला असता तर ब्राउझरनेच सांगितले असते, की ह्या पत्त्यावर कोणी नाही. म्हणजे बिघाड फक्त वाढणारा आणि कोठी यांच्या मध्ये किंवा कोठीतच. घर निम्मे निर्दोष सुटले!

दुसरा, वाढणाऱ्याच्या खिशातली चिठ्ठी. वर्डप्रेसच्या फोल्डरात 'डब्ल्यूपी-कॉन्फिग' नावाची एक फाइल असते. तीत चार गोष्टी लिहिलेल्या असतात. कोणती कोठी, कोणाच्या नावाने मागायचे, परवलीचा शब्द काय, आणि कोठी कोणत्या घरात. यातले नाव किंवा परवलीचा शब्द चुकला तरी वर्डप्रेस तीच ओळ दाखवतो, हा त्याचा मोठा दोष. घरात नोकर येऊन नुसते "मिळालं नाही" म्हणतो ना, तसा. कुलूप होते, की किल्ली लागली नाही, की राखणदारीण घरीच नव्हती, हे सांगतच नाही.

ते कळायला दुसऱ्या दाराने जावे लागते. 'पीएचपीमायअॅडमिन' नावाचे एक पान झॅम्पबरोबरच येते, ते वाढणाऱ्याला बाजूला ठेवून सरळ राखणदारणीशी बोलते. ते उघडले तर तिथेही नकार, पण त्या नकाराबरोबर आकडा होता, २००२. हा आकडा वहीत लिहून ठेवा. २००२ म्हणजे दार वाजवले, आत कोणीच नाही. १०४५ आला तर आत माणूस आहे, पण नाव किंवा परवलीचा शब्द तिला मान्य नाही. १०४९ आला तर माणूस आहे, किल्लीही लागली, पण त्या नावाची कोठीच ह्या घरात नाही. एवढा फरक कळला तर निम्मी दुरुस्ती झाली. १०४५ असेल तर चिठ्ठी तपासायची, धान्याला काहीही झालेले नसते, घाबरायचे कारण नाही. आमचा २००२ होता. चिठ्ठी तपासण्यात अर्थ नव्हता.

मग झॅम्पची खिडकी. अपाचेपुढे हिरवे. मायएसक्यूएलपुढे 'स्टार्ट' दाबले की क्षणभर पिवळे आणि मग खाली तांबड्या अक्षरांत, की मायएसक्यूएल अचानक बंद पडले. कारण अडलेले पोर्ट, नसलेले आवश्यक भाग, अपुरे अधिकार, मोडतोड किंवा दुसऱ्या कोणी बंद केले असणे, यांपैकी काहीही असू शकेल. डॉक्टरने "हवामानामुळे असेल, खाण्यामुळे असेल, काळजीमुळेही असेल" म्हणावे तसे! पण यादी आहे, तर यादीने जावे.

पोर्ट म्हणजे खिडकीचा क्रमांक. मायएसक्यूएलची खिडकी ठरलेली, ३३०६. त्या खिडकीत आधीच दुसरे कोणी बसले असेल तर आपलीला जागा मिळत नाही. खिडकीत कोण आहे हे झॅम्पमधल्या 'नेटस्टॅट' बटणावर कळते. हा बिघाड आमच्याकडे नव्हता, पण मला तो माहीत होता. माझ्या एका मैत्रिणीच्या मुलाने कॉलेजच्या अभ्यासासाठी दुसरे मायएसक्यूएल वेगळे घातले होते. विंडोज सुरू झाले की ते आपोआप उठून ३३०६ अडवून बसायचे, आणि झॅम्पचे बिचारे दारातच. विंडोजच्या सेवांच्या यादीत जाऊन त्या पहिल्याला थांबवले, की काम झाले. दोघी जावा एका ओट्यावर, दुसरे काय!

आमची ३३०६ मोकळी होती. उरली मोडतोड.

इथे मला एक सांगायचे आहे. राखणदारीण स्वतः रोजनिशी लिहिते. झॅम्पच्या खिडकीत तिच्या ओळीपुढे 'लॉग्ज' नावाचे बटण असते, त्यात ती सापडते. पडण्यापूर्वी शेवटचे काय झाले ते ती तिथे लिहून पडते. सगळे इंग्रजी, तारखा आणि आकडे, पाहून डोके फिरते. पण सगळे वाचायचे नाही. अगदी तळाशी जायचे आणि 'एरर' हा शब्द शोधत वर यायचे. पुतण्याला फोटो पाठवण्याआधी मी स्वतः वाचले. बीए झाले ते मराठी घेऊन, इंग्रजी माझे बेताचेच. तरी एवढे कळले, की तक्रार 'मायएसक्यूएल' याच नावाच्या एका आतल्या फोल्डरातल्या तक्त्यांबद्दल आहे. माझ्या शब्दांच्या फोल्डरबद्दल एक अक्षर नव्हते.

पुतण्या म्हणाला, "काकू, वाचलीस!" राखणदारीण दोन प्रकारचे सामान ठेवते. एक आपले धान्य. दुसरे तिचे स्वतःचे दप्तर. कोणाला आत सोडायचे, कोणाचा काय हक्क, ह्याच्या नोंदी. वीज गेली तेव्हा पाणी सांडले ते तिच्या दप्तरावर. दप्तर वाचता येईना म्हणून ती कामावरच येईना. आणि झॅम्पवाल्यांनी दूरदृष्टीने 'बॅकअप' नावाच्या फोल्डरात त्या कोऱ्या दप्तराची एक प्रत पहिल्यापासून देऊन ठेवलेली असते. मात्र ह्या बॅकअपला आपल्या मजकुराची प्रत समजू नका. त्यात आपला एकही दाणा नसतो.

रात्री अकरा वाजता, फोन कानाला लावून, केले ते असे. 'डेटा' नावाच्या फोल्डरचे नाव बदलून 'डेटा-जुना' केले. पुसले काहीच नाही. 'बॅकअप' फोल्डरची नक्कल करून तिला 'डेटा' नाव दिले. जुन्यातून माझ्या शब्दांचा फोल्डर उचलून नव्यात ठेवला. मायएसक्यूएल, परफॉर्मन्स स्कीमा आणि पीएचपीमायअॅडमिन ही तिच्या दप्तराची तीन फोल्डरे जुन्यातून घेतली नाहीत. आणि शेवटी तीच 'आयबीडेटा१' फाइल, जी व्हिडिओवाले गृहस्थ काढून टाका म्हणत होते, ती जुन्यातून उचलून नव्यात ठेवली. तिथे होती तिच्यावर. कारण कोणते पोते कोणाचे हा हिशेब तीतच. पोती आणली आणि ही वही राहिली, तर राखणदारीण उठते खरी, पण तक्ते आहेतच कुठे म्हणून विचारते.

हे स्टार्ट दाबायला सांगत होते आणि माझा हात पुढे होईना. पुतण्या तिकडून "काकू? काकू?" करतोय. शेवटी आमची लेक झोपेतून उठून आली आणि तिने दाबले.

पिवळे. मग हिरवे. तसेच राहिले.

पान उघडले. मी सरळ 'आंडेर' या शब्दावर गेले. बाकीचे नंतर पाहता आले असते.

दिवाळीच्या प्रतीत त्या शब्दापुढे जुने वाक्य होते, अंड्यांच्या फजितीचे. नवे वाक्य जानेवारीतले. सासूबाईंना दवाखान्यात ठेवले होते, तिथल्या सिस्टरने मला उद्देशून "ह्या सूनबाई का?" असे विचारले. त्या डोळे मिटून पडल्या होत्या; वाटले, ऐकत नाहीत. तशाच म्हणाल्या, "हाई मन्ही आंडेर शे." ही माझी मुलगी आहे. चौदा वर्षांत मला असे त्या कधी म्हणाल्या नव्हत्या, आणि त्यानंतरही नाही. त्या रात्री घरी येऊन मी ते वाक्य उदाहरण म्हणून घातले, बाकी शब्दांना घालते तसे, तारीखही घातली.

पुतण्याने बजावले होते, की उघडली म्हणजे बरी झाली असे समजू नकोस. टाके घातलेली आहे. तेव्हा झोपण्यापूर्वी पीएचपीमायअॅडमिनमधून 'एक्स्पोर्ट' करून सगळ्या मजकुराची प्रत काढली. ही प्रत साध्या अक्षरांची फाइल असते, कोणत्याही संगणकावर वाचता येते, आणि नव्या राखणदारणीला पुन्हा भरता येते. आपल्या मराठीसाठी एक काळजी घ्यावी लागते. देवनागरीचे एकेक चिन्ह यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट जागा घेते. भरताना जुनी, केवळ रोमन अक्षरांची पद्धत निवडली गेली तर आपल्या शब्दांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे उमटतात. 'यूटीएफ८एमबी४' असे लिहिलेले आहे ना, तेवढे पाहावे. आता रविवारी सकाळी, घरातल्या पिण्याच्या पाण्याची भांडी घासायच्या दिवशीच, हीही प्रत निघते. एक पेनड्राइव्ह घरात, एक शाळेतल्या माझ्या कप्प्यात. लॅपटॉपची तार इन्व्हर्टरच्या बोर्डाला आणून दिली. इलेक्ट्रिशियनने त्याचे दोनशे रुपये घेतले. आणि काम झाले की आधी मायएसक्यूएलचे 'स्टॉप' दाबून मगच लॅपटॉप बंद करायचा, हे लेकीलाही शिकवले.

आखाजीच्या दिवशी घागर झाल्यावर दुपारी सगळ्या जणी बसल्या. मी वाचायचे, त्यांनी ऐकायचे. पहिल्या तासातच मावशींनी अकरा शब्द दुरुस्त केले आणि चौदा नवे सांगितले, त्यांतले काही ऐकून लेकीला बाहेर पाठवावे लागले. मला मनातून धाकधूक होती ती 'आंडेर' ची. समोर खरी आंडेर बसलेली. ते वाक्य वाचावे की गाळावे, हे माझे त्या क्षणापर्यंत ठरत नव्हते. वाचले. नणंदबाईंनी पदर डोळ्यांना लावला, माझ्याकडे पाहिले नाही.

मोठ्या मावशी मात्र लगेच म्हणाल्या, "मन्ही नाही गं, मनी. आपल्यात ह कुठला? मनी आंडेर." धाकट्या मावशी म्हणाल्या, ह असतो. झाले, दोघींची जुंपली. मराठीच्या बाई म्हणून निकाल द्यायची वेळ माझ्यावर आली. छापील अहिराणीत मी दोन्ही पाहिले आहे, तसे सांगितले. मोठ्या मावशी ऐकेनात.

तेव्हा नणंदबाई बोलल्या. "मावशी, तू मनी म्हणतेस, ते तुझं बरोबर. आई मन्ही म्हणायची. वहिनी, तुम्ही आईचं आहे तसं ठेवा, आणि खाली मावशीचं घाला." मी घातले. शब्द १,१५६ झाले.